न बदलणारं चल

मला पुन्हा नोकरी लागली ती एका बाईच्या हट्टामुळे.

लग्न होऊन कोलकात्याला आले तेव्हा पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडली होती. मग मुलगी झाली, बेहाला भागातला फ्लॅट झाला, फ्लॅटचे पडदे झाले, आणि मधली वर्षं कुठे गेली ते कळलंच नाही. घरी बसणं वाईट असतं असं मी म्हणणार नाही, पण मला ते जमत नव्हतं. डोकं रिकामं राहिलं की माझी जीभ चालते. नवरा एकदा हात जोडून म्हणाला, "तू नोकरी कर बाई, माझ्यावर उपकार होतील." मुलगी दिवसभर शाळेत जायला लागली आणि मी अर्ज पाठवायला सुरुवात केली.

सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. मॅनेजर माझ्याहून वयाने लहान. माझ्या कागदावर मधल्या वर्षांपाशी बोट ठेवून तो म्हणाला, "इतना बडा गॅप?" जणू माझे पुढचे दोन दातच पडलेत. त्याच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. इतका वेळ त्या माझा अर्ज वाचत होत्या. आता म्हणाल्या, "गॅप है तो क्या हुआ? तीन महीना देखते हैं." मॅनेजर कागद उलटत राहिला, तेव्हा त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच शांतपणे. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही.

त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. सगळे त्यांना दिदी म्हणत, मीही म्हणू लागले. अट पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती. एका संस्थेचा शब्दकोश आमच्याकडे आला होता. त्यातला एक भाग नमुना म्हणून मी तयार करायचा. संस्थेची माणसं येऊन तो बघणार. पसंत पडला तर मी कायम, नाही तर परत पडदे. मला ही नोकरी किती हवी होती ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी सियालदहला मेट्रोत चढताना गळ्यातलं ओळखपत्र मुद्दाम ओढणीच्या बाहेर काढायचे, एवढं सांगितलं तरी पुरे.

शब्दकोश मोठा गमतीचा होता. संस्कृतातून आलेला एकच शब्द आपल्या निरनिराळ्या भाषांत काय काय अर्थ घेऊन बसलाय, ते त्यात होतं. शब्दाखाली भाषा, भाषेखाली अर्थ. माझ्या वाट्याला 'च'पासून 'झ'पर्यंतचे शब्द आले होते. सगळा मजकूर एक्सएमएल फाइलीत होता, म्हणजे प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी चिकटवलेली: हा शब्द, ही भाषा, हा अर्थ. या चिठ्ठ्या वाचून मजकुराला पानाचं रूप द्यायचं काम स्टाइलशीट करते, आणि ती स्टाइलशीट लिहितात एक्सएसएलटी नावाच्या भाषेत. ती भाषा मला येत नव्हती. मुलाखतीत मी "शिकून घेईन" म्हणाले होते. मुलाखतीत सगळेच तसं म्हणतात.

पहिलं काम होतं अर्थांना क्रमांक द्यायचं. एक, दोन, तीन. पुण्यात हे मी झोपेत केलं असतं. एक व्हेरिएबल घ्यायचं, म्हणजे नाव लिहिलेला डबा. त्यात शून्य ठेवायचं, आणि एकेक अर्थ आला की डब्यातल्या आकड्यात एक मिळवायचा. मी तसंच लिहिलं आणि ऐटीत पान उघडलं. पहिल्या अर्थापुढे १. दुसऱ्यापुढे १. शेवटच्यापुढेही १. पानामागून पान, सगळे पहिले नंबर.

मी आधी चष्मा पुसला. मग कोड पुन्हा वाचला. मग तेच निराळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं, आणि पुन्हा सगळ्यांचा पहिला नंबर. दुपारपर्यंत माझं डोकं तापलं होतं. तेवढ्यात मागून दिदी आल्या, पडद्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चेष्टा कोरछो तो?"

मी खुर्चीत गर्रकन वळले. सकाळपासून घाम गाळतेय आणि ही बाई विचारते, चेष्टा करतेस ना? "मैं मजाक नहीं कर रही," मी फणकाऱ्याने म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हसल्या, मग माउस हातात घेऊन माझीच फाइल खाली सरकवत नेली. चेष्टा. बंगालीखाली: प्रयत्न. मराठीखाली: थट्टा. दोन्हींपुढे १. मी रोज ज्या फाइलीत डोकं घालून बसले होते त्यातच तो शब्द होता, आणि मी फक्त त्याच्यापुढचा आकडा बघत होते.

"प्रयत्न तो कर रही हूँ, दिदी," मी म्हणाले, "पर ये व्हेरिएबल बदलता ही नहीं."

"बदलेगा भी नहीं," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

त्या भाषेत व्हेरिएबलला एकदा किंमत दिली की दिली. मग ती कधीच बदलत नाही. मी लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या फेरीच्या, आत 'एक मिळव' म्हणत होते, तेव्हा बाहेरच्या डब्याला धक्काही लागत नव्हता. आत त्याच नावाचा नवा डबा तयार व्हायचा, बाहेरच्या शून्यात एक मिळवून त्यात १ पडायचा, आणि फेरी संपली की तो डबा नाहीसा. पुढच्या फेरीला पुन्हा नवा डबा, पुन्हा १. मशीन माझ्या शब्दाला अगदी जागलं होतं.

मला राग आला. मी भांडायला बसले. बदलतच नाही तर त्याला व्हेरिएबल कशाला म्हणायचं? आम्हाला शाळेत चल शिकवलं ते बदलतं म्हणून. हे तर अचल झालं, दगड झाला. दिदींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची एक सवय होती, समोरचा पूर्ण रिता होईपर्यंत त्या बोलत नसत. मग त्यांनी विचारलं, "स्कूल में गणित किया था? एक्स बराबर पाँच निकला. नीचे की लाइन में वो छे हो जाता था क्या?"

मी पेन उचलून वहीत क्ष लिहिला.

सातवीपासून मी क्ष लिहीत आलेय. समजा क्ष बरोबर पाच. मग पुढच्या दहा ओळींत क्ष पाचच राहायचा, आणि तो पाचच राहतो यावरच तर ते सगळं गणित उभं असायचं. मध्येच कुणी 'आता क्षमध्ये एक मिळवू या आणि त्यालाही क्षच म्हणू या' असं म्हणालं असतं, तर सरांनी खडू फेकून मारला असता. पुढच्या गणितात क्ष निराळा, पण या गणितात तो एकच. चल म्हणजे काय ते मला लहानपणी अगदी बरोबर शिकवलं होतं. नंतर पुण्याला जाऊन मी ते विसरले होते, आणि तेच विसरणं अनुभव म्हणून कागदावर लिहीत होते. अंगावर काटा आला. उगाच म्हणत नाही, खरंच आला. मी हात चोळला ते दिदींनी पाहिलं, आणि त्या एसी कमी करायला उठल्या.

"मग मोजायचं कसं?" मी विचारलं.

"मोजायचं नाही," दिदींचं म्हणणं. "अर्थालाच विचारायचं, तुझ्याआधी कितीजण आहेत." त्यांनी माझी सहा ओळींची कारागिरी खोडून एकच ओळ लिहिली. त्या ओळीचा मतलब एवढाच होता: माझ्याच भाषेतले माझ्याआधीचे अर्थ मोज, आणि त्यात एक मिळव. पान उघडलं. एक, दोन, तीन. पुढच्या भाषेला आपोआप पुन्हा एकपासून.

दवाखान्यात आपण जातो, बाकावर बसलेल्यांवर नजर टाकतो, आणि आपला नंबर आपल्यालाच कळतो. कुणी चिठ्ठ्या वाटत फिरावं लागत नाही. मी आजवर चिठ्ठ्या वाटणाऱ्याचा कोड लिहीत आले होते. एकेकाच्या हातात आकडा कोंबायचा, पुढे पळायचं, मध्ये कुणी उठलं की सगळा घोळ. इथे प्रत्येक अर्थ जागेवर बसूनच स्वतःचं स्थान ओळखत होता. मी ते पान किती वेळ वरखाली करत बसले कोण जाणे. 'छाया', 'छिद्र', 'जड', 'जीवन', प्रत्येकाखाली आपापल्या अर्थांचे आकडे अगदी शहाण्यासारखे उभे.

त्या दिवसापासून मला दिदींची चटकच लागली. जेवणाच्या सुट्टीत त्या मुरीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, डबा काढायच्या, वर चमचाभर मोहरीचं तेल, आणि मी पोळीभाजी घेऊन समोर. एकदा त्यांनी माझी सगळी स्टाइलशीट घेतली आणि तिचे तुकडे केले. शेवटचा टेम्प्लेट, म्हणजे एका जातीच्या चिठ्ठीचं काय करायचं ते सांगणारा तुकडा, कापून सगळ्यात वर लावला, सुरुवातीला घोषित केलेली दोन व्हेरिएबलं उचलून अगदी तळाशी टाकली. मी "अहो, अहो" करतेय तोवर त्यांनी चालवलंही. पान जसंच्या तसं आलं. एक काना, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

"कुछ बदलता नहीं," दिदी मुरी खात म्हणाल्या, "तो पहले क्या और बाद में क्या?"

माझ्या सगळ्या आयुष्यात आधी हे आणि मग ते होतं. डबा आधी, आंघोळ मग. एक गोष्ट चुकली की दिवस गेला. आणि इथे एक असं जग होतं ज्यात कुठलीच गोष्ट दुसरीच्या पाठीमागे धावत नव्हती. जे आहे ते आहेच, फक्त विचारायचा अवकाश. परतीच्या मेट्रोत मी खिडकीच्या काळ्या काचेत स्वतःकडे बघत हसत होते. शेजारची बाई थोडी सरकून बसली.

सगळ्यात अवघड काम शेवटी आलं. पानावर दोन रकाने होते. शब्दांच्या ओळी मोजत जायचं आणि रकाना भरला की पुढचा सुरू करायचा. इथे नुसतं मागे वळून बघणं पुरत नव्हतं, बेरीज पुढे न्यायला हवी होती. आणि बेरीज पुढे न्यायची तर डबा बदलायला हवा, नाही का? मी दोन दिवस अडकले. मॅनेजर येता-जाता "हो जाएगा ना?" विचारायचा, आणि मी "हो जाएगा" म्हणायचे. रात्री मुलीचं दप्तर भरताना वाटायचं, संपलं आता, उद्या ओळखपत्र परत मागतील.

दिदींनी उत्तर सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, टेम्प्लेट स्वतःलाच हाक मारू शकतो, आणि हाक मारताना हातात काही देऊ शकतो. घरी येऊन मी दुधाला विरजण लावत होते. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. कालचं दही वाडग्यात तसंच. त्याला कुणी बदललं नाही, तरी त्याचं काहीतरी आजच्यात आलं, आणि आजचं उद्या पुढे जाईल. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ते लिहून काढलं. टेम्प्लेट एक शब्द मांडतो, आतापर्यंतची बेरीज अधिक या शब्दाच्या ओळी असा नवा आकडा करतो, आणि तो पुढच्या शब्दासाठी स्वतःलाच बोलावून हातात देतो. प्रत्येक बोलावण्यात नवं व्हेरिएबल, प्रत्येकाची किंमत कायमची. रकाने कडेपर्यंत भरले आणि नीट तुटले. मी दिदींना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून तो कोड वाचला, अगदी सावकाश, आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मला वयाच्या चाळिशीत कुणी टपली मारेल असं वाटलं नव्हतं. फार बरं वाटलं.

नमुना बघायला संस्थेचे दोघे आले. एक म्हातारे प्राध्यापक आणि त्यांच्याबरोबर एक बाई. प्राध्यापकांनी मुद्दाम एका शब्दात मध्येच एक नवा अर्थ घालायला सांगितला. दिदींनी माझ्याकडे बघितलं. मी घातला, स्टाइलशीट चालवली. खालचे सगळे अर्थ एकेक आकड्याने पुढे सरकले होते, रकाना एक ओळ अलीकडे तुटला होता, आणि मी क्रमांकांना बोटही लावलं नव्हतं. प्राध्यापक "वाह" म्हणाले. त्या बाईंनी पुन्हा करून दाखवायला सांगितलं. ते गेल्यावर मॅनेजर सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "वेलकम. अब परमानेंट." टाळ्या वाजल्या. मग तो म्हणाला, "कुछ तो बोलिए."

मी बोलायचं ठरवूनच आले होते. इतकी वर्षं राहूनही माझी बंगाली भाजीवाल्यापुरती, पण आज दिदींसाठी बंगालीतच बोलायचं, म्हणून मेट्रोत 'दिदींचा मला फार अभिमान आहे' असं एक वाक्य जुळवलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं काय, शब्द आपलाच होता. मी दिदींकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "दिदीर ओपोर आमार खूब ओभिमान."

टाळ्या वाजल्या नाहीत. दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मॅनेजर मोबाइल बघू लागला. आणि दिदींचा चेहरा उतरला. असा उतरला की मला वाटलं यांना बरं वाटत नाहीये. त्यांनी माझा दंड धरला आणि मला खाली घेऊन गेल्या, इमारतीसमोरच्या चहाच्या टपरीवर. इथे 'भांड' म्हणतात त्या मातीच्या कपातला चहा माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "तोमाके के बोललो?"

तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, काय कुणी सांगितलं?

मग त्या बोलल्या. कृष्णनगरला त्यांची आई एकटी होती आणि आता तिला उठता-बसता येत नव्हतं. दिदींनी राजीनामा कधीच देऊन ठेवला होता, मी मुलाखतीला यायच्या आधी. मॅनेजरला फक्त म्हणाल्या होत्या की हे काम पुढे चालवणारं कुणी तयार होईपर्यंत थांबते. या महिन्याअखेर त्या जाणार होत्या. "सोचा था, तुम्हारा पक्का हो जाए, उसके बाद बताऊँगी. मैंने बताया नहीं, तो तुमको ओभिमान तो होगा ही."

मला काही कळेना. मी म्हणाले, मला राग कशाला येईल, मी तर तुम्ही मला किती मोठ्या वाटता ते सांगत होते. अभिमान. प्राउड. दिदी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की चहा साडीवर सांडला. पदर झटकता झटकता त्यांनी मला समजावलं. आपलं माणूस मनाला लागेल असं काही करतं, आणि आपण तोंडाने बोलत नाही, आतल्या आत रुसून बसतो, तो ओभिमान. "पराये पर ग़ुस्सा होता है," त्या म्हणाल्या, "ओभिमान सिर्फ़ अपनों पर होता है."

मी भांड हातात धरून उभी होते. माझी जागा कायम झाली होती, आणि ती त्यांची जागा होती. इतके दिवस मुरी खात समोर बसून या बाईने मला ते सगळं शिकवलं, आणि एका शब्दाने कळू दिलं नाही. आता मला जे वाटत होतं ते कौतुक नव्हतं.

"ऊपर जाकर सबको बोल देती हूँ," दिदी अजून हसत होत्या, "कि ग़लती से बोल दिया."

"नको," मी मराठीतच म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "रहने दीजिए. अब ग़लत नहीं है."

आणि संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.